मदत हवी आहे: रुबीचा फ्लुरोसन्स लाइफटाइम जास्त येतोय

नमस्कार मंडळी. इंदूरला एमएस्सी फिजिक्सचा प्रोजेक्ट करतोय. नमुना म्हणजे क्रोमियम घातलेलं अ‍ॅल्युमिना, लेसरसाठीची रुबीची कांडी, क्रोमियम साधारण ०.०५ टक्के. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर चॉपरमधून (प्रकाश ठरावीक वेळाने अडवणारी फिरती चकती) टाकतो आणि हिरवा अडवणाऱ्या लाँगपास फिल्टरमागच्या फोटोडायोडवर ६९४.३ ची आर-रेषा, म्हणजे रुबीचा लाल फ्लुरोसन्स, स्कोपवर बघतो. लाइफटाइम, म्हणजे लेसर अडवल्यावर ही चमक विझत जाण्याचा काळ, खोलीच्या तापमानाला ३ मिलिसेकंदांच्या आसपास यायला हवा. मला ४ च्या वर मिळतोय.

डायोडचं सर्किट मंद असेल म्हणून त्याचा लोड रेझिस्टर १० किलोओहमवर आणला, फरक नाही. चॉपरची कड विखुरलेल्या हिरव्या प्रकाशावर तपासली, ती कितीतरी जलद आहे. लेसरची पॉवर कमी केली तरी आकडा तोच. मात्र लेसरचा ठिपका कांडीच्या कडेकडून मध्याकडे सरकवला की लाइफटाइम वाढतो. म्हणजे हे रेडिएशन ट्रॅपिंगच: बाहेर पडणारा फोटॉन वाटेतलाच दुसरा क्रोमियम आयन गिळतो.

नमुना विभागाचा आहे, त्यामुळे कापणं किंवा पूड करणं शक्य नाही. द्रव नायट्रोजनही नाही. (लेसरचं एवढं मोठं केंद्र आमच्याच गावात आहे, पण तिथे माझी ओळख नाही!) ७०० च्या पुढचा साइडबँड (आर-रेषेशेजारचा फिकट पट्टा) मोजूनही भागणार नाही असं वाटतं, कारण वरच्या पातळीची लोकसंख्याच, म्हणजे उत्तेजित आयनांची संख्याच, सावकाश घटते.

उरली पिनहोल पद्धत, म्हणजे बारीक छिद्रातून, छिद्राचा व्यास बदलत लाइफटाइम मोजायचा. त्यात लेसर आणि फ्लुरोसन्स दोन्ही एकाच छिद्रातून न्यायचे का? आणि छिद्राचा व्यास शून्याकडे नेताना सरळ रेष बसवायला सर्वांत मोठं छिद्र किती मिलिमीटरचं चालेल?