'अपीजमेंट'ला मराठीत काय म्हणावं?

खडूफळा
चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा भाग हिटलरला देऊन टाकणाऱ्या म्यूनिक करारावरच्या (29-30 सप्टेंबर 1938) एका लेखाचा अनुवाद चालू आहे. ब्रिटनचा पंतप्रधान चेंबरलेन याच्या 'अपीजमेंट'साठी (युद्ध टाळायला आक्रमकाच्या मागण्या मान्य करत जाणं) 'अनुनय' वापरलं होतं. तपासणाऱ्यांनी ते सगळीकडे 'लांगूलचालन' केलं, एका ठिकाणी 'तुष्टीकरण'. वाक्य असं आहे: '1935 ते 1938 मधल्या ---- धोरणामुळे हुकूमशहांना दर वेळी पुढची मागणी करायचं बळ मिळालं.' गाळलेल्या जागी काय बसेल?

तळटीप
लांगूलचालन नकोच. लांगूल म्हणजे शेपूट. भर्तृहरीच्या नीतिशतकात कुत्रा शेपूट हलवतो ती अन्न देणाऱ्यापुढे. म्हणजे शेपूट हलवणारा दुबळा आणि घेणारा. म्यूनिकमध्ये ब्रिटन-फ्रान्स देणारे होते आणि दुबळेही नव्हते. दुसरं असं की 'अपीजमेंट' हा त्या काळी चेंबरलेन स्वतः अभिमानानं वापरत असलेला शब्द. त्याला शिवीचा वास नंतर लागला. 1938 च्या माणसाच्या तोंडी नंतरचा निवाडा घालायचा नसतो.

मोडी लिपी
पण अनुनय म्हटलं की रुसलेल्या नायिकेची समजूत काढणं डोळ्यांपुढे येतं. सुडेटनलँड म्हणजे काय होतं ते आठवा: चेकोस्लोव्हाकियाची डोंगरी सरहद्द आणि तिच्यावर बांधलेली तटबंदी. 1 ते 10 ऑक्टोबरच्या दरम्यान ती टप्प्याटप्प्यानं जर्मनीला रिकामी करून द्यायची होती. देश गेला चेकांचा, आणि चेकांना वाटाघाटीत बसूही दिलं नाही. चेंबरलेन, फ्रान्सचा पंतप्रधान दलादिए, हिटलर आणि इटलीचा मुसोलिनी या चौघांनी ठरवलं. पुढे 15 मार्च 1939 ला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या तेव्हा अडवायला तटबंदी उरलीच नव्हती. तिथल्या कारखान्यांतले रणगाडे 1940 साली फ्रान्सवर चालून गेले. याला अनुनय म्हणू नका हो! दुसऱ्याच्या मालकीचं देऊन स्वतःची शांतता विकत घेणं, हा अर्थ यांतल्या एकाही शब्दात येत नाही.

रोजमेळ
तुष्टीकरण हिंदीतून आलंय आणि आज ते मतपेट्यांच्या राजकारणाला चिकटलंय. वाचक म्यूनिक सोडून भलतीकडेच जाईल.

लेखात मेफो बिलं (हिटलरच्या सरकारनं शस्त्रांच्या खर्चासाठी वापरलेली) असतील तर तिथेही जपा. 'मेफो रोखे' असं काही जण लिहितात, ते चूक. ती हुंडी होती, आणि दर्शनी (दाखवताच पैसे मिळणारी) नव्हे, मुदती (ठरल्या मुदतीनंतर पैसे मिळणारी). कृती अशी: एक मेफो नावाची नावापुरती कंपनी काढली, भांडवल 10 लाख मार्क. शस्त्रं पुरवणारा कारखानदार तिच्यावर हुंडी काढणार, कंपनी ती सकारणार (पैसे द्यायचं मान्य करणार), सरकार हमी देणार आणि राइशबँक, म्हणजे जर्मनीची मध्यवर्ती बँक, ती वटवणार. मुदत तीन महिन्यांची, पण वाढवत पाच वर्षांपर्यंत नेता येई. 1938 पर्यंत अशा सुमारे 12 अब्ज मार्कांच्या हुंड्या निघाल्या. शस्त्रांवरचा खर्च त्यामुळे अंदाजपत्रकात दिसतच नव्हता. मुदती भरत आल्या आणि परकीय चलनही आटलं, तेव्हा राइशबँकेचा अध्यक्ष शाख्ट आणि तिच्या संचालकांनी जानेवारी 1939 मध्ये खर्चाला लगाम घाला असं लेखी कळवलं. हिटलरनं शाख्टलाच काढलं. त्याआधी ऑस्ट्रिया घेतल्यावर व्हिएन्नाच्या मध्यवर्ती बँकेतलं सोनं बर्लिनला गेलं होतं. युद्ध नुसत्या 'बळ मिळाल्यानं' झालं नाही. ही हुकूमशाही शेजाऱ्याची तिजोरी फोडल्याशिवाय चालणार नव्हती, आणि तुमच्या वाक्यात हे कारण कुठेच नाही.

तळटीप
वाक्याची सुरुवात 1935 ला आहे ती मात्र योग्य. 3 ऑक्टोबर 1935 ला मुसोलिनी अबिसिनियात (आजच्या इथियोपियात) शिरला. राष्ट्रसंघानं (पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रांच्या संघटनेनं) इटलीवर निर्बंध घातले, पण तेल वगळलं आणि सुएझ कालवा इटलीच्या जहाजांना उघडाच ठेवला. इंजिनाला लागतं तेच वगळलं तर निर्बंध कसले? इथे 'चालढकल' जास्त जवळचा.

शुद्धपक्ष
मूळ वाक्यातला 'हुकूमशहा'च आधी काढा. हुकूम अरबी, शहा फारसी. 'सर्वाधिकारी' लिहा.

मोडी लिपी
हुकूमशहा मराठीत पुरता मुरलाय, कुणी काढू शकत नाही. सर्वाधिकारी म्हटलं की कायद्यानं नेमलेला अधिकारी वाटतो.

शुद्धपक्ष
हिटलर कायद्यानंच आला! 23 मार्च 1933 च्या कायद्यानं मंत्रिमंडळाला संसदेशिवाय, प्रसंगी राज्यघटनेविरुद्ध कायदे करायची मुभा चार वर्षांसाठी मिळाली. दोनतृतीयांश मतं लागत होती. म्हणून कम्युनिस्ट सभासदांना आधीच अटक केली किंवा भूमिगत व्हायला लावलं, आणि विनापरवानगी गैरहजर असलेल्यांना हजर धरायचा नियम केला. विरोधात मतं पडली फक्त सोशल डेमोक्रॅटांची, 94.

रोजमेळ
त्या कायद्याला एका भाषांतरात 'सक्षमीकरण कायदा' म्हटलंय, ते आधी थांबवायला हवं. सक्षमीकरण म्हटल्यावर महिला बचत गट आठवतात. 'सर्वाधिकार कायदा' म्हणा.

शुद्धपक्ष
म्हणजे सर्वाधिकार चालतो आणि सर्वाधिकारी चालत नाही?

मोडी लिपी
चालत नाही. रोमचा मूळ डिक्टेटर सर्वाधिकारी होता: संकटापुरता नेमलेला, जास्तीत जास्त सहा महिने. मुदत संपली की तो पायउतार होई. हिटलरनं चार वर्षांची मुदत पुन्हा पुन्हा वाढवून घेतली.

खडूफळा
माझ्या गाळलेल्या जागेचं काय? उद्या मजकूर द्यायचाय.

तळटीप
'अनुनय' ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे कंसात एक ओळ लिहा.

मोडी लिपी
अनुनय ठेवलात तर त्या ओळीत चेकांचं नाव आलंच पाहिजे.

शुद्धपक्ष
आणि 'मजकूर' अरबी आहे.