सामूहिक वनहक्काचा आराखडा तयार आहे, पण पैसे कुठल्या लेखाशीर्षातून मागायचे?

रानवाट

नमस्कार मंडळी. पूर्व विदर्भातलं आमचं गाव, पेसा क्षेत्राच्या (आदिवासी अनुसूचित क्षेत्राच्या) बाहेरचं. सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर होऊन साधारण चारशे हेक्टर जंगलाचं व्यवस्थापन ग्रामसभेकडे आलं आहे. समिती झाली, मी तिचा सचिव. पावसाळ्याआधी सगळं जंगल पायी फिरून आम्ही आराखडा लिहिला. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवायचे पट्टे), रायमुनिया (तुमच्याकडे घाणेरी म्हणत असतील) उपटणं, नाल्यावर दगडी बांध, दोन वनतळी, बांबूच्या रांज्यांची (बेटांची) साफसफाई, दोन राखणदार. खर्चाची बेरीज झाली तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला.

अडचणी अशा की, वनविभागाचं म्हणणं, आराखडा आमच्या कार्य आयोजनेशी (म्हणजे जंगल व्यवस्थापनाच्या त्यांच्या आराखड्याशी) जुळत नाही, दुरुस्त करून आणा. पंचायत समितीत गेलो तर म्हणाले जंगलाचं काम आमचं नाही, जंगलवाल्यांकडे जा. जंगलवाले म्हणतात, जंगल आता तुमचं, पैसेही तुम्हीच बघा.

आणखी एक. ग्रामसभेने काही नियम केलेत. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायचा नाही, झाडून गोळा करायचा. चारोळीसाठी फांदी तोडायची नाही. नव्या कोंबाच्या दिवसांत बांबूच्या भागात गुरं न्यायची नाहीत. शेजारच्या गावचे एक पुढारी म्हणतात, राजपत्रात छापल्याशिवाय अशा नियमांना काडीची किंमत नाही. खरं आहे का हे?

बांबूबेट

भाऊ, कॅम्पा मागा सरळ. खाणी, धरणं, रस्त्यांसाठी जंगल दिलं त्याच्या भरपाईचा पैसा आहे तो. राज्याच्या खात्यात भरपूर पडलाय. तुमचं जंगल आहे, तुमचा हक्क आहे. एक निवेदन ठोका जिल्हाधिकाऱ्यांना.

जुना लेखनिक

निवेदन ठोकून कॅम्पाचा पैसा येत असता तर मी निवृत्तीनंतर तेवढाच धंदा केला असता. रानवाट, सावकाश वाचा. माझी नोकरी जिल्हा नियोजनच्या टेबलावर गेली, आता काही ग्रामसभांचे हिशेब बघतो.

आधी राजपत्राचं बघू. राजपत्रात छापावे लागतात ते सरकार कायद्याखाली करतं ते नियम. वनहक्क कायदा २००६ चा. त्याचे नियम केंद्राने १ जानेवारी २००८ ला काढले, ६ सप्टेंबर २०१२ ला दुरुस्त केले. पेसा कायदा १९९६ चा, त्याचे महाराष्ट्राचे नियम राज्याने २०१४ मध्ये केले. हे सगळं राजपत्रात आहे. तुमच्या मोहाच्या पाल्याला राजपत्र लागत नाही. कायद्याच्या कलम ५ ने जंगलात कोणी काय करायचं याचं नियमन करायचा आणि जंगलाला बाधणारं काम थांबवायचा निर्णय ग्रामसभेच्या हाती दिलाय. त्या पुढाऱ्यांना कलम दाखवा, वाद घालत बसू नका.

मात्र तो निर्णय ज्या सभेत झाला, त्या सभेची गणपूर्ती बघा. २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे ग्रामसभेच्या एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या ग्रामसभेच्या हिशेबाने जाऊ नका. हजेरीवर सह्या-अंगठे नसले तर उद्या कोणीही उठून ठराव उडवेल, आणि तो उडवणारा बहुतेक गावातलाच असतो. दंडाचं कलम असेल तर ते नुकसानभरपाई म्हणून लिहा. फौजदारी अधिकार ग्रामसभेला नाहीत. लाकूडचोर सापडला तर पंचनामा आणि पत्र, बाकी वनविभाग बघेल.

दुसरं, कार्य आयोजनेचं. इथे तुम्हाला उगाच फिरवलं जातंय. नियम ४(१)(ई) खाली तुमची समिती आणि ४(१)(एफ) खाली तिचा आराखडा. हा आराखडा वनविभागाच्या सूक्ष्म नियोजनाशी किंवा कार्य आयोजनेशी जोडायचा आहे हे खरं, पण समितीला आवश्यक वाटतील ते बदल करून, असं नियमात लिहिलंय. समितीला वाटतील ते. वनविभागाला वाटतील ते नाही. एक पानी पत्र लिहा: आपल्या कार्य आयोजनेतील आमच्या क्षेत्राचा भाग, नकाशा व कक्ष क्रमांकांसह, मिळावा, म्हणजे समिती जोडणीचं काम करील. चेंडू त्यांच्या अंगणात. नकाशा आला की खरंच बसून जुळवा, कारण त्यांच्या कागदात जुन्या रोपवनाची, आगीची जी माहिती असते ती तुम्हाला हवीच आहे.

आता पैसे. तुमच्या आराखड्यात सगळी कामं एका ओळीत, खाली एकच बेरीज. असा कागद कुठल्याही टेबलावर पडला की टेबलवाला म्हणणारच, आमचं नाही. कारण सरकारात बेरजेला पैसे मिळत नाहीत, लेखाशीर्षाला, म्हणजे अंदाजपत्रकातल्या ठराविक खर्चाच्या खात्याला मिळतात. आराखडा फाडू नका, पण मागे एक तक्ता जोडा: काम, गट किंवा कक्ष क्रमांक, परिमाण, दरसूचीप्रमाणे अंदाज, आणि कोणत्या यंत्रणेकडून.

दगडी बांध, समतल चर, रायमुनिया काढणं, यांत मजुरीच जास्त. ही रोजगार हमीची कामं. त्यासाठी ती ग्रामपंचायतीच्या वार्षिक कृती आराखड्यात, सेल्फवर (हाती घ्यायच्या कामांच्या यादीत) असली पाहिजेत. नसतील तर मजुरांनी कितीही मागणी केली तरी तुमच्या जंगलात काम निघणार नाही, रस्त्याच्या कडेला निघेल. वनतळ्यांना तांत्रिक मान्यता लागेल, म्हणजे कोणीतरी अभियंता जागेवर येऊन मोजमाप घेणार. त्याला उन्हाळ्यात बोलवा, पावसाळ्यात तो झुडपं बघून परत जातो. ती कामं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या कन्व्हर्जन्स समितीपुढे न्या. ही समिती आहेच मुळी वेगवेगळ्या खात्यांच्या योजना तुमच्या आराखड्याला जोडायला. खात्यांचे अधिकारी एका टेबलाभोवती बसतात, म्हणून तिथे 'आमचं नाही' म्हणणं जरा जड जातं.

बांबूबेट म्हणतात तो कॅम्पा. कायदा २०१६ चा, नियम २०१८ चे. जमा रकमेतला नव्वद टक्के वाटा राज्याच्या निधीत येतो हे बरोबर. पण तो खर्च होतो वार्षिक कार्य आराखड्यातून, ज्याला सगळे एपीओ म्हणतात. तो वनविभाग करतो, मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची सुकाणू समिती बघते, मग दिल्लीला जातो. जिल्हाधिकाऱ्यांकडे त्याची चावी नाही. आगीपासून संरक्षण, मृद व जलसंधारण ही कामं त्यात बसतात. तेव्हा जाळरेषेचा ठराव उपवनसंरक्षकांच्या नावे द्या, 'पुढील एपीओत समावेश व्हावा' या शब्दांत, आणि पोच घ्या. यंदा येईल अशी आशा धरू नका.

तुम्ही पेसाबाहेर आहात म्हणून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी तुम्हाला नाही. त्यात वनसंवर्धन आणि वनहक्काची अंमलबजावणी दोन्ही बसतं, पण तो अनुसूचित क्षेत्रातल्याच ग्रामपंचायतींना. मात्र तुमचं गाव माडा किंवा मिनी माडात (अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या आदिवासी वस्तीच्या पट्ट्यांत) आहे का, हे प्रकल्प कार्यालयात विचारून घ्या. त्या क्षेत्रासाठी आणि उपयोजनेबाहेरच्या आदिवासींसाठी वेगळी तरतूद असते, आणि ती मागायला कोणी येत नाही म्हणून मार्चमध्ये धावपळ होते. हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलंय.

आणि राखणदार. त्यांच्यासाठी कुठेही अर्ज करू नका. योजनांना एकदाच करायची, फोटो काढता येण्याजोगी कामं आवडतात. राखणदाराचा पगार, पासबुक भरायला जाणाऱ्याचं भाडं, वह्या, हिशेब लिहिणाऱ्या पोरीचं मानधन, आगीच्या दिवसांत रात्री जागणाऱ्यांचा चहा, याला लेखाशीर्ष नाही आणि होणारही नाही. पण जंगल टिकतं ते त्यावरच. तो खर्च ग्रामसभेच्या स्वतःच्या कोषातून. दरसाल लागणारा पैसा बाहेरून आणलात की ज्या साली तो येत नाही त्या साली राखण बंद आणि तुमच्या नियमांना विचारायला कोणी नाही.

रानवाट

जुने लेखनिक, तुमचा कागद उद्याच समितीत वाचतो. समतल चरांची कामं सेल्फवर नाहीत हे आत्ता ग्रामरोजगार सेवकाला फोन करून कळलं.

पण कोषाचं बोललात ते आमच्याकडे दुखणं आहे. उत्पन्न म्हणाल तर तेंदू, म्हणजे विडीची पानं. बांबूला अजून वेळ आहे. यंदा पहिल्यांदा ग्रामसभेने स्वतः तेंदू विकायचा ठरवलाय. त्यातून राखणदाराचे पैसे कापले तर तोडाई करणाऱ्या बाया म्हणतात, आमच्या घामाचे पैसे समिती खाते. वरून बाहेरून एक-दोन ठेकेदार येऊन सांगून गेलेत की 'सगळी रक्कम मजुरांना रोख देतो, समिती कशाला मध्ये'.

फळीवरची

दादा, मी गडचिरोलीकडची, आमच्या फळीवर (तेंदूपानं मोजून घ्यायच्या जागेवर) हिशेब लिहिते म्हणून बोलते. रोख देतो म्हणणाऱ्या ठेकेदाराला आधी फळीवरून उठवा. त्याला समिती नको असते कारण मोजणी समिती करते. आमच्याकडे सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. पुडा हातात घेऊन मधलं पान ओढून बघायचं, फाटकी-डागी पानं आत भरलीत का ते. हे काम बाईचं, आणि ती ठेकेदाराच्या माणसासमोर बसून करते. तिने 'हा पुडा बाद' म्हटलं की बाद, आणि त्याच्या माणसाने 'बाद' म्हटलं तर ती पुन्हा मोजते. आमचं भांडण याच एका जागी होतं, दरवर्षी.

पैशाचं असं करा. तोडाई सुरू व्हायच्या आधी, म्हणजे हाती एक रुपयाही नसताना, ग्रामसभेत ठरवा की गोणीमागे इतके मजुरी, इतके कोषाला, उरलेला बोनस. पैसे आल्यावर ठरवायला गेलात तर ते कापणं होतं. आधी ठरलं की तो भाव होतो. आमच्या बायांनी भांडून एक अट घातली, कोषातला पैसा काढताना सहीला एक बाई पाहिजेच, आणि दर महिन्याला खर्च वाचून दाखवायचा, फळ्यावर लिहून ठेवायचा. त्यानंतर 'समिती खाते' हे बोलणं कमी झालं. बंद नाही झालं, ते खोटं सांगत नाही.

आणि ग्रामसभेचं पॅन, टॅन (आयकराचे क्रमांक) काढलं का? तेंदू विकताना विकणाऱ्याने ठेकेदाराकडून टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर) घेऊन भरावा लागतो. म्हणजे आता तुम्ही. पहिल्या वर्षी हे कोणी सांगत नाही, नंतर आयकराची नोटीस येते. करारात हप्त्यांच्या तारखा टाका, आणि शेवटचा हप्ता मिळाल्याशिवाय माल गोदामातून हलवू देऊ नका. वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात आहे, तीच तुमची कुलूपकिल्ली.

बांबूबेट

परवाना ग्रामसभा देते? आमच्याकडे तर अजून वनरक्षकाच्या मागे फिरतात.

जुना लेखनिक

ग्रामसभेची समितीच देते, आणि त्या निर्णयाला ग्रामसभेची मंजुरी. २०१२ च्या दुरुस्तीत आहे. त्याआधी २७ एप्रिल २०११ ला गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावात केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी स्वतः येऊन बांबूच्या वाहतुकीचं परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं होतं. इतकी वर्षं झाली, तरी काही ठिकाणी शिक्का वनरक्षकाच्याच खिशात असतो. मागितल्याशिवाय तो बाहेर येत नाही.

ताईंनी 'आधी ठरवा' म्हटलंय ते सोन्यासारखं आहे. माझ्या भाषेत त्याला अंदाजपत्रक म्हणतात. ग्रामसभेचं एक पानाचं अंदाजपत्रक मार्चमध्ये मंजूर करून घ्या: आरंभीची शिल्लक, अपेक्षित जमा, राखण, हिशेब, आग, राखीव. राखीव विसरू नका. तेंदूला गिऱ्हाईक न मिळणारं वर्षही येतं. चंद्रपूरकडच्या पाचगावने तर तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी जंगलात आग लागते आणि फांद्या छाटल्या जातात. ते बांबूवर उभे राहिले. तुमच्याकडे बांबू येईपर्यंत तो मार्ग नाही, पण पाल्याला आग नको हा नियम केलाय तर तेंदूच्या करारातही 'खुटकटाईच्या (तेंदूची झुडपं छाटण्याच्या) नावाखाली आग लावल्यास गोणीमागे इतकी कपात' ही अट टाका. नाहीतर मोहाखाली झाडणारी बाई नियम पाळेल आणि ठेकेदाराचा माणूस काडी लावून जाईल.

तारखांचं लक्षात ठेवा. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि रोजगार हमीची कामं २ ऑक्टोबरच्या आसपासच्या सभांत घुसवायची. जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात बनतो, म्हणून कन्व्हर्जन्स समितीकडचा कागद दिवाळीच्या आत द्या. जानेवारीनंतर दिलेला प्रस्ताव पुढच्या सालाच्या गठ्ठ्यात जातो. शक्य असेल तिथे काम जिल्हा परिषदेमार्फत मागा. त्यांना निधी खर्चायला पुढचा मार्च मिळतो, बाकी यंत्रणांचा ३१ मार्चला परत जातो.

रानवाट

येत्या २ ऑक्टोबरच्या सभेत सेल्फचा ठराव घेतो. तेंदूच्या करारात आगीची अट टाकायची म्हटल्यावर एक ठेकेदार आत्ताच मागे हटला, दुसरा तयार आहे पण दर कमी सांगतो. ताई, तुमच्या कराराचा नमुना, ठेकेदाराचं नाव झाकून, इथे टाकता येईल का?

फळीवरची

टाकते. रविवारी फोटो काढते. दर कमी सांगणाऱ्याला आताच हो म्हणू नका, आजूबाजूच्या ग्रामसभांनी किती घेतला ते आधी विचारा. चार गावांनी मिळून एकच लिलाव ठेवला तर आणखी बरं.