मदत हवी आहे : अण्णांच्या रविवारच्या पुड्या आणि 'कोरोना मारणारी' जीवनसत्त्वं

पुण्यातली_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी, माहेरी आले आहे, सोलापूरला. प्रश्न वडिलांचा आहे. वय ६९, आयुष्य यंत्रमागावर गेलं. शुगर आहे, बीपी आहे, सहा वर्षांपूर्वी मुतखडा पडून गेलेला.

यात्रेतल्या अक्षतेच्या दिवशी अण्णा पहाटेच बाराबंदी घालून तयार. खोकला ढणाढण चालू. म्हटलं, एवढ्या गर्दीत जाऊ नका, निदान मास्क तरी लावा. तर खिशातून केशरी चघळायच्या गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. "हे आणि रविवारची पुडी. मला कोरोनाचा बापसुद्धा शिवत नाही."

रविवारची पुडी म्हणजे काय, तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रविवारांना बॉलपेनाने गोल केलेत. नवीन कॅलेंडर उचललं तर मागे त्याच खिळ्याला गेल्या वर्षीचं, त्यातही गोल. ऑगस्टपासून मोजले, २३ भरले. प्रत्येक गोल म्हणजे ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी, दुधात ढवळून. ऑगस्टमध्ये रक्ततपासणीत डी कमी, ११ आलं होतं म्हणून डॉक्टरांनी आठच आठवडे लिहून दिली होती, चिठ्ठी अजून डब्यात आहे. पुढच्या पुड्या अण्णांनी चिठ्ठीशिवाय आणल्या. शिवाय त्या केशरी ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसाला चार.

याचं मूळ एका फॉरवर्डमध्ये. 'माणसाला होणारे सातही कोरोना विषाणू जीवनसत्त्वांनी मरतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, औषध कंपन्या लपवतात.' खाली स्पाइकचं, म्हणजे विषाणूच्या अंगावरच्या काट्याचं, रंगीत चित्र आणि त्यात बाण मारून ड, क, ब१२.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. यात खरं किती? आणि एवढ्या पुड्यांनी काही बिघडतं का? आई म्हणते हल्ली पाणी फार पितात, रात्री चारदा उठतात, कडक भाकरी आणि शेंगाचटणी समोर असूनही अर्धं ताट तसंच. आम्ही सगळे शुगरच्या नावावर टाकून मोकळे झालोय.

विजापूर_वेस

ताई, आमच्यात पण एक मालक हायत. सकाळी हळद, दुपारी काढा, रात्री गोळी. विचारलं काय करलालाव, तर म्हणे इम्युनिटी. पुडी आधी बंद करा, चर्चा नंतर करू.

लिंबूपाणी

असहमत. २०२१ ला आम्ही घरातले पाचही जण क आणि झिंकवर बरे झालो. सरकारी चिठ्ठीतच होत्या की या गोळ्या. तेव्हा मेडिकलमध्ये मिळत नव्हत्या, लोक रांगा लावत होते. उगाच का?

पेट्रीडिश

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे पहिल्या प्रश्नापुरतंच.

सात हा आकडा बरोबर आहे. २२९ई, ओसी४३, एनएल६३, एचकेयू१ हे चार वर्षानुवर्षं साधी सर्दी देत आलेत. उरलेले तीन म्हणजे २००२-०३ चा सार्स, २०१२ चा मर्स आणि कोविडचा. अण्णांना आज जो खोकला आहे तो यातल्या पहिल्या चारांपैकी एखाद्याचाही असू शकतो, किंवा भलत्याच विषाणूचा.

स्पाइकच्या चित्राचा उगमही खोटा नाही. स्पाइकमध्ये एक स्निग्ध पदार्थ बसणारा खळगा आहे, त्यात अ, ड, के यांच्यासारखे रेणू बसू शकतात असं संगणकावर दिसलं. ब१२ आणि फोलिक आम्ल विषाणूच्या किंवा आपल्या प्रथिनांवर बसवून पाहणारेही अनेक लेख आले. पण हे संगणकावर. अण्णांना त्यांच्या भाषेत सांगा : जेकार्डच्या (मागाला नक्षी सांगणाऱ्या) पुठ्ठ्यावर नक्षी बसली म्हणजे चादर विणून झाली नाही. ताना तुटेल, रंग उतरेल, माप चुकेल, ते मागावर चढवल्यावरच कळतं.

पुढची पायरी काचेतल्या पेशींची. तिथे ड चं सक्रिय रूप आणि अ जीवनसत्त्वाचे काही भाऊबंद विषाणूची वाढ रोखताना दिसले. पण बशीत जेवढं ओतता येतं तेवढं गोळी खाऊन फुप्फुसात पोचतंच असं नाही. सगळ्यात गंमत ब२ ची. रिबोफ्लेविन आणि अतिनील प्रकाश मिळून रक्तद्रवातला मर्सचा आणि कोविडचा विषाणू खरोखर निकामी करतात. पण ते रक्तपेढीच्या पिशवीत, दिव्याखाली! अण्णांना त्या दिव्याखाली ठेवणार का?

आता माणसांवरचं. ब्रिटनमध्ये सुमारे ६२०० लोकांचा अभ्यास झाला, ज्यांचं ड कमी होतं त्यांना सहा महिने रोज ८०० किंवा ३२०० युनिट दिले. कोविड कमी झाला नाही, बाकीचा सर्दी-खोकलाही नाही. ब्राझीलमध्ये दवाखान्यात दाखल रुग्णांना एकदम २ लाख युनिट दिले, मुक्काम कमी झाला नाही. क चं म्हणाल तर अमेरिकेत घरी असलेल्या कोविड रुग्णांना रोज ८ ग्रॅम क, कुणाला ५० मिलिग्रॅम झिंक, कुणाला दोन्ही दिलं. फरक दिसेना म्हणून अभ्यास मधेच थांबवला. साध्या सर्दीत रोज क घेणाऱ्या मोठ्या माणसांचा आजार साधारण ८ टक्क्यांनी आखूड होतो. सात दिवसांच्या सर्दीत अर्धा दिवस. लागण मात्र टळत नाही. हेच अण्णांना सांगा, कारण त्यांचा भरवसा नेमका न लागण्यावर आहे. खोकला असताना मास्क लावायचा तो इतरांसाठी.

@लिंबूपाणी, चिठ्ठीत होत्या, खरं आहे. २०२० ला कुणाच्याच हातात काही नव्हतं, आणि या गोळ्या स्वस्त नि निरुपद्रवी वाटल्या. २०२१ च्या मध्यावर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने सौम्य कोविडच्या सूचनांतून झिंक-मल्टिव्हिटॅमिन काढूनही टाकलं. तुम्ही पाच जण बरे झालात, आनंद आहे. आमच्या गल्लीत गोळी न घेतलेलेही बहुतेक जण बरे झाले.

ड कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं, हाडांसाठी, स्नायूंसाठी. सोलापूरचं ऊन एवढं कडक की माणूस दहा ते पाच सावलीत बसतो, मग ड ११ येतं. पण खड्डा बुजवणं वेगळं आणि त्यावर टेकाड रचणं वेगळं.

दुकान_काउंटर

औषधाचं दुकान आहे, बीफार्म. ताई, दुसऱ्या प्रश्नावर मी थोडा काळजीतच लिहितोय.

६०,००० भागिले सात, म्हणजे रोजचे साडेआठ हजार. रोजची गरज ६०० आणि डॉक्टरच्या देखरेखीशिवायची कमाल मर्यादा ४०००. आठ आठवडे देतात ते तूट भरायला, त्यानंतर महिन्याला एक किंवा रोजची छोटी मात्रा. क जास्त झालं तर बरंचसं लघवीतून जातं, ड चरबीत साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवू शकतं. कॅल्शियम वाढल्यावर काय होतं? तहान, सारखी लघवी, भूक मरणे, बद्धकोष्ठ. शुगरसारखंच दिसतं, म्हणून हुकतं.

आता नीट बघून सांगा, बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' किंवा 'सीएच' आहे का? त्यात थायाझाइड (लघवी वाढवणारं औषध) किंवा त्याच जातीचं औषध असतं, ते लघवीतून कॅल्शियम जाऊ देत नाही. ही गोळी आणि वर एवढं ड म्हणजे दुहेरी.

दिवसाला चार क पण बंद. ५०० च्या चार म्हणजे २००० मिलिग्रॅम, ती मर्यादेची शेवटची पायरी. जादा क चं शरीरात ऑक्सलेट होतं आणि मुतखडा होऊन गेलेल्याला तेच नको. पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम, दोन आवळे खाल्ले तरी भागते. (अवांतर : दंडावर लावायचं शुगरचं सेन्सर वापरत असाल तर त्याचं पत्रक वाचा, रोज ५०० च्या वर क घेतलं तर काही सेन्सर शुगर खोटी वाढवून दाखवतात.)

बीपीची गोळी स्वतःहून थांबवू नका. ड ची पुडी आजपासून बंद. कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), डी या तीन तपासण्या उद्याच करा आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे. गुंगी, उलट्या, बडबड असं काही दिसलं तर उद्याचीही वाट बघू नका.

पुण्यातली_सोलापूरकर

पट्टी बघितली. 'एच' आहे. हात गार पडले माझे.

विजापूर_वेस

घाबरू नका ताई. आधी तपासणी. मालकांना म्हणावं रक्त देऊन आलात की हुरडा खाऊ घालतो.

पुण्यातली_सोलापूरकर

चार दिवसांनी लिहितेय, क्षमस्व. कॅल्शियम १०.८, लॅबच्या कागदावर १०.५ पर्यंत चालतं. डी ११ वरून ९६ वर. क्रिएटिनिन ठीक. डॉक्टर म्हणाले वेळेत आलात. पुडी बंद, 'एच' बदलून साधी गोळी दिली, पाणी भरपूर, दोन आठवड्यांनी कॅल्शियम पुन्हा. तहान-लघवीमागे शुगरचाही वाटा आहेच म्हणाले, तीन महिन्यांची शुगरची सरासरी (एचबीए१सी) ८.९ निघाली. म्हणजे आम्ही अगदीच चुकलो नव्हतो, अर्धेच चुकलो होतो.

अण्णांना अभ्यासांचे आकडे सांगून काही उपयोग झाला नाही. "ब्रिटनमध्ये ऊन कुठंय" म्हणाले. जेकार्डचं सांगितलं तेव्हा मात्र गप्प बसले, मग म्हणाले, "पुठ्ठा पंच करणारा कोण होता ते विचार." पेट्रीडिश, याचं उत्तर तुम्हीच द्या. केशरी गोळ्या आईने ताब्यात घेतल्यात. काल धुवायला टाकलेल्या बाराबंदीच्या खिशात दोन निघाल्याच.

आता शेवटचा प्रश्न. डब्यात अजून नऊ पुड्या आहेत, मुदत पुढच्या वर्षीची. आई टाकून द्यायला तयार नाही, म्हणते शेजारच्या काकूंचे गुडघे दुखतात, त्यांना देऊ.

दुकान_काउंटर

काकूंना अजिबात नको! त्यांचं ड किती, बीपीची गोळी कोणती, काहीच माहीत नाही. बिल असेल तर घेतली त्या दुकानात विचारा, काही जण न उघडलेली घेतात. नाही घेतली तर पुड्या फोडून ओल्या चहापत्तीत कालवा, पिशवी बांधा आणि घंटागाडीत टाका. आईंच्या नजरेआड.