फिजिओथेरपीचे अनुभव लिहा: तुमचे, घरच्यांचे, कोणत्याही आजारातले

निशिगंध
काल शेजारच्या काकांना हॉस्पिटलमधून घरी आणलं. पक्षाघात, उजवी बाजू गेलेली. गाडीतून उतरवताना मुलाने नेमका तोच लुळा हात धरून ओढला आणि मी जवळजवळ ओरडलेच, "हाताला नको, कमरेला धर!" रात्री झोप लागेना, बाबाच डोळ्यांसमोर.

बाबांना झटका आला तेव्हा फिजिओ मॅडमनी आम्हाला समोर बसवून पहिलं हेच शिकवलं होतं. खांद्याचे स्नायू सैल पडले की अख्ख्या हाताचा भार सांध्यावर लोंबकळतो. त्यात कुणी हात ओढला की खांदा खाली सरकतो, आणि मग त्या दुखण्यापायी माणूस व्यायामाला हातच लावू देत नाही. म्हणून बसवताना हाताखाली उशी, उठवताना कमरेला पट्टा.

मग आले कपड्यांचे चिमटे. बादलीच्या काठाला चिमटा लावायचा, काढायचा, परत लावायचा. बाबा चिडून चिमटे भिरकावायचे. मॅडम काही न बोलता वेचून परत समोर ठेवायच्या. त्या सांगायच्या, मेंदूचा मेलेला भाग उठत नाही, पण उरलेला भाग त्याचं काम शिकतो; फक्त तेच काम पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. आणि एक दिवस मी बाबांच्या शर्टाची बटणं लावायला गेले तर म्हणाले, "थांब. वरचं माझं मी लावतो." बोटं थरथरत होती, बटण काजाच्या कडेवरून घसरत होतं, आई दारात श्वास रोखून उभी. लागलं!!

तुमच्याकडचं लिहा ना.

सई_म
निशिगंध, डोळ्यात पाणी आलं गं.
माझा फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा. मधुमेह असलेल्यांना जास्त होतो हे तेव्हाच कळलं. वेणी घालता येईना, मागचा हुक लागेना, त्या कुशीवर झोपायची तर सोयच नाही. सुरुवातीच्या ठणक्यात माझ्या फिजिओने जोर अजिबात लावू दिला नाही. ओणवं होऊन हात लोलकासारखा सैल सोडायचा आणि हळूहळू झुलवायचा, एवढंच. ठणका ओसरल्यावर भिंतीवर बोटं चालवत वर जायचं, जिथे थांबेल तिथे पेन्सिलीची खूण. हे दुखणं वर्ष-दोन वर्षंही रेंगाळतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी हाय खाल्ली नाही.

रानवारा
+१ भिंतीवरच्या खुणा. आमच्याकडे रंगवाल्याला तेवढा भाग सोडायला सांगितलाय आईने 😊

कोरांटी
चक्कर. कूस बदलली की छत गरागरा. मला वाटलं मेंदूचंच काहीतरी, जीव मुठीत. फिजिओने मान वळवून मला झटकन आडवं केलं आणि माझ्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. बुबुळं कशी थरथरतात त्यावरून कोणता कान ते कळतं म्हणे. कानाच्या आत कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की हा प्रकार. मग डोकं ठरावीक कोनांत वळवत ते कण परत जागेवर आणायचे. जॉन एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची पद्धत, एप्ली मनुव्हर. ना गोळी, ना मशीन, त्याच बैठकीत छत थांबलं! फक्त व्हिडिओ बघून आपलं आपण पहिल्यांदा करू नका. कान कोणता, नळी कोणती हे आधी तपासावं लागतं.

अजून_एक_वाचक
सासूबाईंचं गुडघा बदलायचं ऑपरेशन उद्या आहे. फार घाबरल्यात. कुणी काही सांगाल का, काय बघायचं?

दीपमाळ
@अजून_एक_वाचक, धीर द्या त्यांना. माझ्या आईचे दोन्ही झालेत. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात, तेव्हा दचकू नका. पडल्या पडल्या पावलं वर-खाली हलवत राहायला सांगा, पायात गुठळी होऊ नये म्हणून. आणि गुडघ्याखाली उशी देऊ नका. बरं वाटतं, पण गुडघा वाकडाच आखडतो. उशी टाचेखाली. सगळे "किती वाकला, किती वाकला" विचारतात. पूर्ण सरळ होणंही तितकंच महत्त्वाचं, नाहीतर चाल लंगडी राहते. दुखण्याची गोळी व्यायामाच्या थोडी आधी पोटात गेलेली असू दे, डॉक्टरांना विचारून वेळ बसवा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

अजून_एक_वाचक
उशी टाचेखाली. लिहून घेतलं. खूप आभार ताई 🙏

रानवारा
दीपमाळ, काठी कोणत्या हातात धरायची? बाबा दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला धरतात.

दीपमाळ
उलट्या हातात. उजवा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजवं पाऊल नि काठी एकदम पुढे. उंची मनगटाच्या घडीइतकी, हात सरळ सोडून मोजा.

रानवारा
सांगून पाहिलं. "मला चालायला शिकवू नकोस." 😀

निशिगंध
फिजिओंकडून वदवून घ्या. परक्याचं ऐकतात ही माणसं.

मृण्मय_
माझी सायटिका. कळ कमरेतून पोटरीपर्यंत. मला पालथं झोपवून कोपरांवर उठायला लावलं, मग हातांवर. पोटरीतली कळ कमी झाली पण कंबर जास्त दुखायला लागली, मी घाबरलो. फिजिओ मात्र खूश! दुखणं पायातून कमरेकडे गोळा होणं हे सुधारण्याचं लक्षण. यामागची गोष्ट मला फार आवडते: न्यूझीलंडचे फिजिओ रॉबिन मॅकेन्झी यांचा एक पेशंट १९५६ साली डोक्याकडची बाजू उंच राहिलेल्या टेबलावर चुकून पालथा झोपला, आणि ते येऊन बघतात तर त्याच्या पायाचं दुखणं गेलेलं. त्यातून ही पद्धत उभी राहिली. पण सरसकट सगळ्यांना नाही. मणक्याची पोकळी अरुंद झालेल्या वयस्कर लोकांना मागे वाकणं उलट त्रासाचं होतं.
आणि हे कळकळीने सांगतो: पाठदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला तर व्यायामबियाम सोडून थेट हॉस्पिटल.

अबोली_२
कुणी बोलत नाही म्हणून मी लिहिते. बाळंतपणानंतर शिंक आली की लघवीचे थेंब. सगळ्या म्हणायच्या, बाईच्या जातीला असतंच. नसतं! यासाठीही फिजिओ असतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आत-वर खेचायचे, धरायचे, आणि पूर्ण सैल सोडायचे. सोडणं शिकायलाच मला वेळ लागला. शिंक येतेय वाटलं की आधी आवळायचं, ही युक्ती सगळ्यात उपयोगी. अर्नोल्ड केगल या डॉक्टरांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, आणि अजून आपण आपल्या मुलींना सांगत नाही. दोन-तीन महिने नेमाने करावे लागतात. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांनाही देतात.

सई_म
अबोली, तुला मिठी. आत्ताच वहिनीला पाठवलं.

रानवारा
बायपासनंतर काकाला श्वासाच्या व्यायामाचं ते तीन बॉलवालं यंत्र दिलं होतं. सगळे आधी फुंकतातच! ते आत ओढायचं असतं, सावकाश. आणि खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, टाके सांभाळले जातात नि कफ सुटतो. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

पाऊलवाट
थोडं वेगळं विचारते. भावाचं तोंड आज सकाळी एका बाजूला वाकडं झालंय, डोळा मिटत नाहीये. फिजिओकडेच न्यायचं ना?

दीपमाळ
@पाऊलवाट, आधी डॉक्टर, आत्ता लगेच! कपाळाला आठ्या घालायला सांगा. दोन्हीकडे नीट पडत असतील तर पक्षाघात असू शकतो. त्या बाजूचं कपाळही सपाट राहिलं तर बेल्स पाल्सीची (चेहऱ्याच्या नसेचा लकवा) शक्यता जास्त, पण ते घरी ठरवू नका. हातापायात कमजोरी, बोलण्यात अडखळणं आहे का?

पाऊलवाट
नाही, बाकी ठीक आहे. कपाळ पण हलत नाहीये एका बाजूचं. निघतोय.

मृण्मय_
बेल्स पाल्सीत स्टिरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर फायदा होतो, त्यामुळे थांबू नका. डोळा कोरडा पडू देऊ नका, थेंब डॉक्टर देतीलच, रात्री झाकून ठेवा. फिजिओ त्यानंतर: आरशासमोर अगदी हलक्या हालचाली, जोर लावून तोंड वेडंवाकडं करायचं नाही.

निशिगंध
पाऊलवाट, पोचलात की कळवा.