सहा वर्षांच्या मुलीला कथकला घालावं का? मदत हवी आहे

लेक सहा वर्षांची. गाणं लागलं की पाय थांबत नाहीत. गणपतीत सोसायटीच्या स्टेजवरून अक्षरशः उचलून आणावं लागलं. म्हणून जवळचा कथकचा क्लास बघून आलो. मुली रांगेत उभ्या राहून 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' घोटत होत्या, ताई हातावर तीनताल धरून होत्या. घुंगरू इतक्यात नाहीत म्हणाल्या. मला ही शिस्त आवडली, पण लेकीने थोड्याच वेळात मोठ्याने विचारलं, "नाच कधी सुरू होणार?"

सासूबाई म्हणतात, लहानपणीच अंग वळतं. नवऱ्याच्या मते आधी वर्षभर बॉलिवूड डान्स करू दे. बाहेर बसलेल्या आया मात्र गांधर्व महाविद्यालयाच्या नृत्याच्या परीक्षा आणि त्यामुळे दहावीला मिळणारे वाढीव गुण यावरच बोलत होत्या. पहिलीतल्या पोरीसाठी आत्ताच कसली दहावी!

तुमची मुलं या वयात नुसत्या तत्कारावर (म्हणजे त्या 'ता थेई थेई तत्'च्या पदन्यासावर) टिकली का, की आठ-नऊ वर्षांपर्यंत थांबलात? आणि फरशी साधी, टणक आहे. अनवाणी पाय आपटून टाचा-गुडघे दुखतात का? फी तीन महिन्यांची आगाऊ आहे, परत मिळत नाही. आधी महिनाभर पाठवून बघू का, असं ताईंना विचारलं तर चालतं ना?