माझदाची गोष्ट हिरोशिमाची आहे
माझदा ही जपानी मोटार कंपनी म्हणजे रोटरी इंजिनाचं (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणाऱ्या इंजिनाचं) वेड, असं बरेच जण म्हणतात. खरंच आहे, पण ही कंपनी आधी हिरोशिमाची आहे, हे सुटायला नको. १९२० साली सुरुवात झाली ती कॉर्कच्या, म्हणजे बुचाच्या कारखान्यापासून. १९३१ मध्ये तीनचाकी मालवाहू गाडी आली. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला, तेव्हा हिजियामा टेकडीच्या आडोशामुळे कारखाना बराचसा वाचला. शहर बेचिराख, सरकारी कचेऱ्या उरल्या नाहीत. मग प्रांताचा कारभार काही महिने याच कंपनीच्या इमारतीतून चालला. आणि त्याच डिसेंबरात तीनचाकी पुन्हा बनायला लागल्या! मला तर हे रोटरीपेक्षाही मोठं वाटतं.

रोटरीचं म्हणाल, तर त्रिकोणी रोटरच्या टोकांवरची सीलं (फट बंद ठेवणाऱ्या पट्ट्या) इंजिनाच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे काढायची. इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो यांच्या चमूने कार्बन-अ‍ॅल्युमिनियमची सीलं वापरून त्यावर मात केली आणि १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी इंजिनाची गाडी रस्त्यावर आली. पुढे १९९१ ला फ्रान्समधली ले मान्सची २४ तासांची मोटार शर्यत जिंकणारी पहिली जपानी कंपनी हीच, टोयोटाच्या २७ वर्षं आधी.