मदत हवी आहे: 'माय नेम इज रेड' पुढे कसं फिरवावं?

नमस्कार मंडळी. ओऱ्हान पामुकच्या या कादंबरीची इंग्रजी प्रत आम्ही काही वाचक नाशिकमध्ये हातोहात फिरवतोय. वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख टाकायची आणि पुढच्याला द्यायची, एवढाच नियम. गंगापूर रोडवरून निघालेलं पुस्तक इंदिरानगरमार्गे नाशिकरोडला पोहोचलं आणि तिथेच मुक्कामाला बसलं!

दोष कुणाला देऊ? 1591 चं इस्तंबूल, सुलतानाचे चित्रकार, त्यात खून. पहिल्याच प्रकरणात विहिरीत पडलेलं प्रेत बोलतं, पुढे कुत्रा, झाड, नाणंसुद्धा. घाईत वाचायचं हे पुस्तकच नाही. पण रांगेतले लोक माझ्या मागे लागलेत.

तुमच्या गटात मुदत किती ठेवता? आठवण करून दिली तर माणसं दुखावतात का हो?

दुसरं, मधली पानं सुटायला लागलीत. घरी फेविकॉल लावू की बाइंडरकडेच देऊ? एकाने सेलोटेप मारलीय, ती आत्ताच पिवळी पडतेय.

आणि नाशिकरोडहून पंचवटीला रोज येणारं कुणी आहे का? पुस्तक आणायचंय. आणणाऱ्याचा नंबर रांगेत पहिला, बाकीच्यांनी कुरकुर केली तरी.